अद्रारची गाडी-चालक सेवा : वाळूत पक्की, उजेडाच्या हिशोबात कच्ची

मॉरिटानियात फोटो काढायला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटी एकच सेवा घेतो. अद्रारच्या पठारावर चार-सहा दिवसांसाठी चालकासकट फोर बाय फोर. नुआकशोतहून किंवा अतारहून निघायचं, तेर्जित, शिंगेटी, वादान करून परतायचं. अशा गाड्या पुरवणारे पुष्कळ आहेत, गाडी बहुतेक वेळा टोयोटा हायलक्स असते आणि फेरीचा साचा सगळीकडे सारखाच. हे परीक्षण कुणा एका पुरवठादाराचं नाही, त्या साच्याचं आहे, आणि ते कॅमेऱ्याच्या बाजूनं केलेलं आहे.

गाडी हाकण्यात इथले चालक अव्वल आहेत. मऊ वाळू आली की उतरून टायरची हवा 1.2 बारच्या आसपास आणतात, वाळूच्या टेकड्यांवर त्याहूनही कमी करतात. पसरलेला टायर वाळूवर तरंगतो, फुगलेला रुततो. खडकाळ वाट लागली की मात्र हवा परत भरलीच पाहिजे, कारण मऊ टायरची बाजूची भिंत धारदार दगडांवर फाटते, आणि तिथं फाटलेला टायर दुरुस्त होत नाही. अतारहून शिंगेटीला अमोग्जारच्या घाटातून जाताना याची गरज पडते. निघण्याआधी गाडीत चालू स्थितीतला कंप्रेसर आणि दोन जादा टायर आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावं. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरावं. मुक्कामावरचं जेवण साधं आणि चांगलं असतं. निखाऱ्यांखाली तापलेल्या वाळूत भाजलेला पाव तर फोटोसाठीही सुंदर विषय आहे. फक्त तो उकरून काढताना वाळू झटकली जाते, तेव्हा वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला लेन्स नको.

खरी उणीव वेळापत्रकात आहे. ठरलेली फेरी प्रवाशांसाठी आखलेली असते, उजेडासाठी नाही. नाश्ता करून आठ-साडेआठला निघायचं, भर दुपारी ठिकाणावर पोचायचं, संध्याकाळी चहा घेत मुक्कामी टेकायचं. वाळूवरच्या लाटांचा पोत दिसतो तो सूर्य क्षितिजापासून पंधरा-वीस अंशांच्या आत असताना, म्हणजे उगवल्यावर साधारण दीड तास आणि मावळण्याआधी तितकाच. डिसेंबरात अद्रारमध्ये दुपारचा सूर्यही सेहेचाळीस अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे हिवाळ्यात सावल्या थोड्या उशिरापर्यंत टिकतात. पण नेहमीचं वेळापत्रक हा सगळा वेळ रस्त्यात आणि जेवणात घालवतं.

यात चालकाचा दोष नाही. अंधारात गाडी हाकणं इथं टाळलं जातं, रस्त्यावर उंट येतात आणि वाटेच्या खुणा दिसत नाहीत. म्हणून सूर्यास्ताची जागा मुक्कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी. ही एक अट पहिल्याच दिवशी मान्य करून घेतली तर निम्मी फेरी सुधारते. नमाजाच्या वेळाही समजून घ्याव्यात. मगरिबची नमाज सूर्य मावळताच असते, म्हणजे आकाश सर्वांत रंगलेलं असताना गाडी हलणार नाही, आणि ते आपल्याच पथ्यावर पडतं. चहाचे तीन पेले हा इथला पाहुणचार आहे, त्याला सहज तासभर लागतो. तो दुपारी मागावा. आणि एक महत्त्वाचं: 2026 आणि 2027 मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाचा रोजा सुटण्याची वेळ आणि आपला सूर्यास्त एकच. त्या महिन्यात त्याला टेकडीच्या पलीकडे ताटकळत ठेवणं माणुसकीला धरून नाही. संध्याकाळ मुक्कामी आणि पहाट टेकडीवर, अशी आखणी करावी.

ठिकाणांचा क्रमही बदलून घ्यावा. तेर्जितची अरुंद घळ आणि तिच्यातली खजुरीची झाडं दुपारसाठी राखून ठेवावीत. सकाळ-संध्याकाळ तिथं दाट सावली असते आणि वरचं आकाश मात्र पांढरं फटक, कॅमेऱ्याला दोन्ही टोकं पेलत नाहीत. सूर्य डोक्यावर आला की उजेड पाण्यापर्यंत उतरतो. शिंगेटीला याउलट दोन रात्री द्याव्यात. गाव वारानच्या वाळूच्या अगदी काठाशी आहे, पहाटे पायी वाळूत शिरता येतं आणि जुन्या मशिदीचा चौकोनी दगडी मिनार गावाच्या माथ्यावर उठून दिसतो. मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, बाहेरूनच फोटो घ्यावेत. हस्तलिखितांच्या खासगी ग्रंथालयांचं शुल्क फेरीच्या रकमेत धरलेलं नसतं. आत फ्लॅश अजिबात वापरू नये, दारातून येणाऱ्या उजेडात f/1.8 ची, जास्त उजेड आत घेणारी लेन्स पुरते.

वादानचं जुनं गाव उतारावर आहे. भिंती आणि खालचा खडक एकाच रंगाचे, त्यामुळे दुपारी ते नुसता दगडांचा ढीग दिसतं. कलत्या उन्हात प्रत्येक भिंतीला कड येते. तिथं संध्याकाळी पोचणं जमत नसेल तर वादान वगळलेलं बरं.

वादानजवळच्या रिशात या गोलाकार भूरचनेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सुमारे चाळीस किलोमीटर व्यासाची ती वर्तुळं अवकाशातून दिसतात, 1965 मध्ये जेमिनी 4 च्या अंतराळवीरांनी टिपलेली छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. जमिनीवरून वर्तुळ दिसत नाही, दिसतात त्या बुटक्या कडा आणि दगडी मैदान. भूशास्त्राची गोडी असेल तर जरूर जावं. पण केवळ फोटोसाठी अर्धा दिवस आणि डिझेल घालवण्याजोगं तिथं फार नाही. ड्रोन न्यावा म्हणाल, तर परवानगीशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच ठेवून घेतात.

लोहखनिजाची रेल्वे हवी असेल तर तिच्या मार्गावरच्या शूम गावाकडे वळावं लागतं. झुएरात ते नुआधिबू हा 704 किलोमीटरचा मार्ग 1963 पासून चालू आहे आणि गाडी दोन-अडीच किलोमीटर लांब असते. तिची वेळ भरवशाची नसते, म्हणून ‘अर्धा दिवस थांबण्याची तयारी’ हे कलम आधीच ठरवावं. रुळांना चिकटून उभं राहण्यापेक्षा तीन-चारशे मीटर दूर, थोड्या उंचवट्यावरून दूरचं जवळ आणणारी 70-200 मिमीची लेन्स वापरली तर तिची लांबी चित्रात उतरते.

आता गाडीच्या आत कॅमेरा कसा ठेवायचा ते. हायलक्सच्या मागच्या उघड्या हौद्यात कॅमेऱ्याची बॅग कधीही देऊ नये. वर ताडपत्री असली तरी पिठासारखी धूळ चेनमधून आत जाते, आणि खडबडीत वाटेच्या हादऱ्यांनी लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात. बॅग मागच्या सीटवर, खाली घडी केलेलं ब्लँकेट घालून. यासाठीच एका गाडीत तीनच फोटोग्राफर असावेत. भाडं माणशी नसून गाडीमागे दिवसाला असतं, म्हणून चौथा घेण्याचा मोह होतो, पण मग बॅगा मांडीवर येतात आणि मागच्या तिघांत खिडकी दोघांनाच मिळते.

लेन्स बदलणं शक्यतो टाळावं. दोन कॅमेरे, एकावर 24-70, दुसऱ्यावर 70-200. बदलावीच लागली तर इंजिन आणि पंखा बंद, काचा वर, कॅमेरा तोंड खाली करून मोठ्या प्लास्टिक पिशवीत. लेन्सच्या काचेवरची धूळ आधी हातपंपानं उडवावी, मग मऊ ब्रश, आणि शेवटी ओलसर पुसणी. थेट फडक्यानं पुसलं की वाळूचा कण काचेवरच्या लेपावर ओरखडा काढतो. फिल्टर फिरवताना करकर आवाज आला तर जोर लावू नये, आट्यांत वाळू आहे, आधी ती ब्रशनं काढावी. ट्रायपॉड खटक्यांच्या कुलपांचा असेल तर बरा. पिळून आवळायच्या सांध्यात रेती अडकते, आणि तिथं तेल घातलं तर आणखी चिकटते.

उजळ वाळू पाहून कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चित्र करडं येतं, म्हणून दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यावा. संध्याकाळी मात्र उलटी काळजी: केशरी वाळूत लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगातला तपशील जातो, आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) ते दिसत नाही. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहावेत. हरमाटान वाऱ्यानं आकाश दुधाळ झालं असेल तर आकाश गडद करणाऱ्या पोलरायझर फिल्टरचा फारसा उपयोग होत नाही, कारण हवेत जाड धुळीचे कण असतात. अशा दिवशी आकाश चौकटीबाहेर ठेवून टेकड्यांचे थर टिपावेत. चालकाला आधीच सांगावं की समोरच्या धारेवर गाडी चढवू नको. चाकांच्या खुणा वारा सुटेपर्यंत पुसत नाहीत.

चार्जिंगसाठी मुक्कामाच्या विजेवर विसंबू नये. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये किमान 60 वॉटचा चार्जर लावावा. हादऱ्यांनी तो निसटतो, म्हणून चिकटपट्टीनं बांधावा. कॅमेऱ्यामागे चार बॅटऱ्या हव्यात.

माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, विशेषतः मेलहफा (अंगभर गुंडाळायचं वस्त्र) नेसलेल्या स्त्रियांचे. इथं चांगला चालक सर्वांत उपयोगी पडतो. तो हसानिया या इथल्या अरबी बोलीत दोन मिनिटं खुशाली विचारतो आणि मग वातावरणच बदलतं. निवडताना गाडीच्या वयापेक्षा हा गुण पाहावा. पोलीस, सैनिक, तपासणी नाके आणि सरकारी इमारतींकडे कॅमेरा वळवूच नये. नाका दिसला की तो मांडीखाली. नाक्यावर पासपोर्ट आणि व्हिसाच्या तपशिलाचा कागद, ज्याला तिथं ‘फिश’ म्हणतात, द्यावा लागतो. वीसेक प्रती छापून चालकाकडे ठेवाव्यात, म्हणजे उजेड जात असताना नाक्यावर वेळ मोडत नाही.

पैसे रोखीत, आणि रक्कम कागदावर. 2018 मध्ये उगिया हे इथलं चलन दहास एक या प्रमाणात बदललं, पण बोलताना पुष्कळ लोक अजून जुन्याच उगियात आकडा सांगतात, म्हणून ‘नवे की जुने’ हे लिहून घ्यावं. त्याच कागदावर डिझेल, चालकाचं जेवण आणि स्थानिक वाटाड्या रकमेत आहेत का, हे यावं, आणि त्याखाली रोज निघण्याची वेळ, सूर्योदयाच्या पाऊण तास आधीची.