हेबियस फेटाळल्यावर: थेट अपील की आधी फेरविचार?

अमेरिकेत राज्याच्या तुरुंगातल्या कैद्याचा हेबियस अर्ज, म्हणजे आपली कैद बेकायदा असल्याचा दावा करणारा अर्ज, फेडरल जिल्हा न्यायालयाने फेटाळला, की त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात.

थेट अपिलाची नोटीस ३० दिवसांत द्यायची. पण नुसत्या नोटिशीने भागत नाही. १९९६ च्या कायद्यानुसार ‘सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी’, म्हणजे अपील करण्याची परवानगी, लागतं. त्यासाठी घटनात्मक हक्क डावलला गेल्याचं दाखवावं लागतं. जिंकण्याइतकं नव्हे, तर समंजस न्यायाधीशांत दुमत होऊ शकेल इतपत. जिल्हा न्यायाधीशाने सर्टिफिकेट नाकारलं, तर सर्किट न्यायालयाकडे, म्हणजे वरच्या फेडरल अपील न्यायालयाकडे, मागता येतं.

फेरविचाराचा अर्ज त्याच न्यायाधीशाकडे, २८ दिवसांत. ही मुदत न्यायालयालाही वाढवता येत नाही. फायदा असा, की तो निकाली निघेपर्यंत अपिलाचे ३० दिवस सुरूच होत नाहीत. शिवाय ‘बॅनिस्टर विरुद्ध डेव्हिस’ या २०२० च्या निकालानुसार तो ‘दुसरा हेबियस’ धरला जात नाही, ज्यावर कडक निर्बंध असतात. मात्र नवे मुद्दे घुसवता येत नाहीत.

निकालात एखादा मुद्दा सरळ सुटला असेल, तरच मी दुसरी वाट धरायला सांगेन. एरवी त्याच दारावर पुन्हा थाप मारून काय मिळणार?

आणि तारखा स्वतः मोजाव्यात. बोल्स नावाच्या कैद्याची अपिलाची मूळ मुदत हुकली होती; ती पुन्हा उघडून देताना न्यायाधीशाने चुकून १४ ऐवजी १७ दिवस दिले. त्याने सोळाव्या दिवशी नोटीस दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं: उशीर झाला.