दिवाळी-न्यू इयरच्या कार्डांवर ठशांचं बॅकग्राउंड: भेंडी, खोडरबर की विकतचा स्टॅम्प?

आधीच सांगून टाकते, तीस-चाळीस कार्डं करायची असतील तर खोडरबर कोरून ठसा बनवा. पाच-सहाच करायची आणि घरात पोट्टे लुडबुड करून राहिले असतील तर भेंडी-बटाटा बस्स झाला. क्लियर स्टॅम्प, म्हणजे विकतचे पारदर्शक ठसे, तेव्हाच घ्या जेव्हा दरवर्षी कार्डं करणार हे नक्की असेल, नाहीतर कपाटात पडून राहतात.

भाज्यांना खर्च जवळजवळ काहीच नाही. देठाजवळ आडवी कापलेली भेंडी म्हणजे तयार फूल, कोरायचीही गरज नाही. पण भेंडीचा चिकट रस आणि बटाट्याचं पाणी रंगात मिसळलं की ठसा फिका अन् पसरट येतो, म्हणून कापलेली बाजू टिश्यूवर उपडी ठेवायची, थोडी सुकली की मग रंग, तोही घट्ट पोस्टर कलर ब्रशने लावायचा, बुडवायचं नाही. दुसऱ्या दिवशी तोच बटाटा काढाल तर तो आक्रसलेला असतो, त्यामुळे सगळं एका बैठकीत उरका. संत्र्याचं म्हणाल तर दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे नागपुरात अंबिया बहाराची संत्री येतातच, मोह होतो, पण अर्धं कापलेलं संत्रं इतकं रसाळ की कागद भिजून फुगतो. फोडींचं डिझाईन खोडरबरावर कोरा आणि संत्रं खाऊन टाका.

खोडरबराबद्दल जरा जास्त बोलते कारण खरी मजा तिथेच आहे. मोठा, पांढरा, साधा खोडरबर घ्यायचा, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कुठल्याही स्टेशनरीत मिळतो. ट्रेसिंग पेपरवर २बी पेन्सिलने चित्र काढा, कागद उलटा करून खोडरबरावर ठेवा आणि नखाने घासा, चित्र उलटं उतरतं आणि म्हणून ठसा सुलटा येतो. कटर तिरपा धरायचा, रेषेपासून बाहेरच्या बाजूला उतार येईल असा, रेषेच्या खालून आत कापत गेलात तर ती कडा दोन-चार ठशांतच तुटते. आणि कोरायचं काय? दिवे-कंदील सगळेच करतात, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी नुसत्या बाह्यरेषेत कोरून बघा, नागपूरबाहेरच्या नातेवाईकांना हे काय म्हणून फोन करावाच लागतो! बारीक अक्षरांच्या फंदात मात्र पडू नका, ती हाताने लिहिलेलीच छान दिसतात.

ठसे मारताना विटा रचतात तशी एक ओळ अर्धी सरकवून घ्या, आणि काही ठसे कडेवरून अर्धे बाहेर जाऊ द्या, खाली रद्दी ठेवायची. सगळे ठसे कार्डाच्या आत नीट बसवले की ते बॅकग्राउंड वाटतच नाही, चिकटवलेल्या टिकल्या वाटतात. दुसरं म्हणजे एकदा शाई लावून दोनदा ठसा मारायचा, दुसरा आपोआप फिका येतो आणि खोली दिसते. वापरून झालेले खोडरबर कागदात गुंडाळूनच ठेवा, प्लास्टिकच्या डब्यात तसेच टाकले तर डब्याला चिकटतात आणि आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका.

क्लियर स्टॅम्प पारदर्शक असतात, अॅक्रिलिक ब्लॉकवर, म्हणजे पारदर्शक ठोकळ्यावर, चिकटवले की ठसा कुठे पडतोय ते दिसतं, बारीक रेषा खोडरबरापेक्षा कितीतरी स्वच्छ येतात. पण एका शीटच्या पैशात खोडरबरांचा ढीग येतो, आणि डिझाईन कंपनीचं, तुमचं नाही. अख्ख्या कार्डाएवढा मोठा बॅकग्राउंड स्टॅम्प असेल तर उलटं करा, स्टॅम्प टेबलावर शाईची बाजू वर, त्यावर कार्ड, आणि वरून हाताने दाबा, नाहीतर मधोमध कोरं राहतं. शिक्के बनवणाऱ्याकडून स्वतःचं चित्र रबरात करून घेता येतं, एकच चित्र वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर तेच बरं. कपड्यावर छापायचे लाकडी ठसे घरात असतील तर वापरा, कार्डासाठी मुद्दाम घेऊ नका, खाली घोंगडी अंथरल्याशिवाय ते नीट उमटत नाहीत.

आता शाई, आणि माझ्या मते ठशापेक्षा निर्णय इथे जास्त महत्त्वाचा. डाय इंक, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, पटकन सुकते पण उन्हात तिचा रंग उडतो, आणि वरून वॉटरकलर फिरवला तर बहुतेक शाया पसरतात. पिगमेंट इंक, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई, हळू सुकते पण रंग टिकतो, आणि पांढरी पिगमेंट खाकी क्राफ्ट पेपरवर काय दिसते म्हणून सांगू. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ती लवकर वाळते, पाऊस लांबला असेल तर रात्रभर उघडी पसरून ठेवा. ऑफिसच्या जांभळ्या पॅडने काम भागतं, पण कार्ड पोस्टाच्या कागदासारखं दिसतं. चकचकीत कागदावर पिगमेंट इंक धड वाळत नाही.

कागद २२० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) घ्या, त्याहून पातळ असला की ओल्या रंगाने वळतो. ए४ अर्धा कापून दुमडला की ए६ होतो आणि सी६ पाकिटात, म्हणजे ११.४ बाय १६.२ सेंटीमीटर, बरोबर बसतो. पाकिटं आधी आणा, कागद मग कापा, कारण साध्या दुकानात सी६ मागितलं तर जे हाती येईल ते त्याच मापाचं असेलच असं नाही.