नेपाळच्या ‘सांस्कृतिक सहली’त आमची झालेली फसवणूक

नेपाळमधील ऐतिहासिक नगरांच्या ‘तज्ज्ञ मार्गदर्शकासह सांस्कृतिक सहली’साठी मी, माझी पत्नी आणि तिच्या थोरल्या भगिनी अशा तिघांनी माणशी ६४,५०० याप्रमाणे १,९३,५०० रुपये भरले. त्यातील १,०९,३०० रुपयांच्या सेवा आम्हाला मिळाल्याच नाहीत, आणि ज्या गृहस्थाने हे पैसे घेतले तो आजही पुढच्या सहलीची पत्रके वाटत फिरतो आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही, परंतु त्याची पद्धत तपशिलाने लिहितो.

असे आयोजक कसे गोड बोलतात, आधी थोडे आणि मग एकदम जास्त पैसे कसे मागतात, हे आपण सारे जाणतोच. आम्हीही जाणत होतो. हा माणूस मात्र दारोदार सहली विकणारा नव्हता. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्याने नेपाळच्या मल्ल राजांच्या काळातील वास्तुकलेवर व्याख्यान दिले होते. भक्तपूरचे पाच मजली न्यातपोल मंदिर भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधले, त्याच्या पायऱ्यांवर खालून वर पहिलवान, हत्ती, सिंह, शार्दूल आणि देवता अशा जोड्या असून प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान मानली जाते, १९३४ आणि २०१५ अशा दोन्ही मोठ्या भूकंपांत हे मंदिर उभे राहिले, हे सारे त्याने छायाचित्रांसह इतके नेमके सांगितले की सभागृहातील एकालाही त्याच्या हेतूची शंका आली नाही. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि खरेदी एवढ्यावर आटोपणाऱ्या नेहमीच्या सहलींना कंटाळलेल्या माणसाला काठमांडू, पाटण, भक्तपूर, गोरखा, बंदीपूर आणि पाल्पा-तानसेन असा मार्ग कोणी आखून दिला, तर तो आनंदाने तयार होणारच. अभ्यास खरा असला म्हणजे व्यवहारही खरा असतो असे नाही, हे मला आता कळते आहे. पण तेव्हा सभागृहात बसलेल्या कोणालाही ते कळले नसते, असे मी आजही ठामपणे म्हणेन.

पहिला हप्ता ३०,००० रुपयांचा होता आणि तो संस्थेच्या नावाच्या खात्यात गेला. दुसरा हप्ता १,००,००० रुपयांचा. त्याच्या वेळी मात्र एका महिलेच्या नावाचे साधे बचत खाते कळवण्यात आले आणि ‘चालू खात्याची मर्यादा संपली आहे, विमानभाडे उद्या वाढेल’ असे कारण देण्यात आले. पावती आली, पण तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि आमच्यापैकी कोणाचाही पॅन क्रमांक मागितला गेला नव्हता. मी गाफील होतो असे कोणी समजू नये. मी त्याच संध्याकाळी फोन करून विचारले की परदेश सहलीवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, कापला जातो, तो या पावतीत कुठे आहे. त्यावर तो हसून म्हणाला, “काका, नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मग टीसीएस कशाला लागेल?”

हाच तो क्षण. उत्तर इतके सहज आणि पटण्यासारखे होते की मी फोन ठेवला आणि राहिलेले ६३,५०० रुपयेही चार दिवसांनी त्याच बचत खात्यात पाठवले. व्हिसाचा आणि टीसीएसचा काडीचाही संबंध नाही. भारताबाहेरच्या कोणत्याही देशाची सहल एकत्रित दराने विकली की आयोजकाला टीसीएस घ्यावाच लागतो. २०२४ मध्ये सात लाखांपर्यंत तो पाच टक्के होता, म्हणजे आमच्या रकमेवर ९,६७५ रुपये. तो आपल्या पॅनवर जमा होतो, प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक कर-विवरणात दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. जो आयोजक हा कर घेत नाही तो आपले पैसे वाचवत नाही, तो स्वतःचा माग पुसतो. पॅन न मागणाऱ्या आयोजकाला परदेश सहलीचा एक रुपयाही देऊ नका. त्या संध्याकाळी मी आमच्या कर सल्लागाराला एक फोन केला असता तर पुढचे १,६३,५०० नसले तरी निदान शेवटचे ६३,५०० वाचले असते, हा विचार अजूनही मला झोपू देत नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस आम्ही काठमांडूला पोहोचलो. ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणून आलेला मुलगा विशीतला होता. नेपाळमध्ये पर्यटक मार्गदर्शकाकडे पर्यटन विभागाचा परवाना असावा लागतो. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हते आणि विचारल्यावर ते खोलीवर राहिल्याचे त्याने सांगितले. पाटणच्या दरबार चौकात त्याने आम्हाला सांगितले की कृष्णमंदिर २०१५ च्या भूकंपात पडले आणि आता दिसते ते नवे आहे. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेले, एकवीस शिखरांचे आणि रामायण-महाभारताच्या शिल्पपट्टांचे ते पाषाणमंदिर त्या भूकंपात उभे राहिले होते; पडली ती त्याच चौकातील हरिशंकर आणि चारनारायण ही मंदिरे. हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो मोबाइलमध्ये पाहून वाचतो आहे हे आमच्या लक्षात आले.

भक्तपूरला तर कमालच झाली. सहलीच्या दरात सर्व प्रवेशशुल्के समाविष्ट असताना त्याने ‘नंतर हिशेबात वळते करू’ असे सांगून आमच्याकडून माणशी १,८०० प्रमाणे ५,४०० नेपाळी रुपये घेतले आणि आम्हाला कोपऱ्यावर थांबवून स्वतः खिडकीपाशी गेला. त्याने आणून दिलेली तिकिटे माझ्या पत्नीने चष्मा लावून वाचली. त्यांवर ५०० हा आकडा छापलेला होता. ती सरळ खिडकीपाशी गेली. तेथील फलकावर इतर परदेशी पाहुण्यांसाठी १,८०० आणि सार्क देशांच्या नागरिकांसाठी ५०० असा दर स्वच्छ लिहिलेला होता आणि खिडकीतील बाईंनी तो बोट ठेवून दाखवला. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये या हिशेबाने ३,९०० नेपाळी, म्हणजे आपले २,४३७ रुपये ५० पैसे, त्या मुलाने जागेवर खिशात घातले. परत मागितल्यावर ‘साहेबांनी सांगितले तसे केले’ एवढेच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. नेपाळमध्ये तिकीट नेहमी स्वतः खिडकीपाशी जाऊन घ्या आणि भारतीय ओळखपत्र दाखवा.

त्याच रात्री हॉटेलच्या व्यवस्थापकाने नम्रपणे कळवले की आमच्या खोल्यांचे फक्त दोन रात्रींचे पैसे आले आहेत. पुढच्या दोन रात्रींचे १४,४०० नेपाळी, म्हणजे ९,००० भारतीय रुपये आम्हाला भरावे लागले. आयोजकाला फोन लावला तर त्याने उचलला नाही. संदेश मात्र आला, की नारायणघाट-मुग्लिंग रस्ता दरडीमुळे बंद आहे, त्यामुळे गोरखा, बंदीपूर आणि तानसेन रद्द करून उरलेले दिवस काठमांडूतच काढावेत. जुलै २०२४ मध्ये याच रस्त्यावर दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या होत्या, ती बातमी आम्ही घरी पाहिली होती, म्हणून क्षणभर आम्ही खरोखर घाबरलो. परंतु काठमांडूहून गोरखा किंवा बंदीपूरला जाताना मुग्लिंगवरून सरळ पश्चिमेला जायचे असते. नारायणघाट मुग्लिंगहून दक्षिणेला आहे, त्या वाटेशी या दोन्ही गावांचा संबंधच नाही. नकाशा उघडल्यावर हे दोन मिनिटांत कळले. हॉटेलबाहेरच्या चालकांना विचारले, तर त्याच पश्चिमेच्या वाटेने जाणाऱ्या पोखऱ्याच्या बस सकाळपासून सुटत होत्या. कोणी ‘रस्ता बंद’ म्हणाले तर कोणता रस्ता, कोठून कोठपर्यंत, हे विचारा आणि स्थानिक चालकाकडून खात्री करून घ्या.

आम्ही २२,००० नेपाळी रुपयांना, म्हणजे १३,७५० भारतीय रुपयांना स्वतःची गाडी ठरवली आणि डुम्रेवरून डोंगर चढून बंदीपूरला गेलो. जुन्या व्यापारी नेवार समाजाचे ते गाव, बाजारपेठेत वाहनांना मज्जाव, दगडी फरशीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोरीव लाकडी खिडक्यांची घरे, आणि समोर हिमालयाची रांग. आमच्या हातातील व्हाउचरवर तेथील ज्या हॉटेलचे नाव आणि ‘पुष्टी क्रमांक’ होता, तेथे आम्ही गेलो. मालकीणबाईंनी जाड पुठ्ठ्याची नोंदवही काउंटरवर उघडली, आमच्या तारखेच्या पानावरून बोट फिरवले, मागचे आणि पुढचे पानही पाहिले. आमची नावे कुठेही नव्हती. त्यांच्याकडे पुष्टी क्रमांक देण्याची पद्धतच नाही, असे त्यांनी सांगितले आणि वर हेही सांगितले की असाच कागद घेऊन त्या वर्षी आधीही पाहुणे आले होते. म्हणजे दरड हे निमित्त होते. आमचे आरक्षण कधी झालेलेच नव्हते. दोन खोल्यांचे ९,६०० नेपाळी, म्हणजे ६,००० भारतीय रुपये आम्ही तेथे भरले. गोरखा आणि तानसेन राहूनच गेले. तानसेनजवळचा, काली गंडकीच्या काठचा राणीमहाल पाहण्यासाठी पत्नीच्या भगिनी मुळात या सहलीला तयार झाल्या होत्या. त्यांच्या वयात आणि गुडघ्यांत पुन्हा तो योग येईल असे वाटत नाही. म्हणून व्हाउचर हातात येताच प्रत्येक हॉटेलला स्वतः फोन करा, निघण्यापूर्वी करा.

हिशेब असा आहे. विमानाच्या तिकिटांवरील भाडे ७०,२०० रुपये, काठमांडूतील दोन रात्री ९,००० आणि काठमांडू खोऱ्यातील गाडी फार तर ५,०००, म्हणजे आम्हाला ८४,२०० रुपयांच्या सेवा मिळाल्या. तिकीट, हॉटेले आणि गाडीवर तेथे वरून गेलेले ३२,१२५ रुपये वेगळेच.

परत आल्यावर मी सर्व कागद क्रमाने लावून आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी फाइल न उघडताच हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगितले. मी बंदीपूरच्या व्हाउचरकडे बोट दाखवले, तर ‘घटना नेपाळात घडली आहे, तिकडे तक्रार करा’ असे उत्तर मिळाले. पैसे महाराष्ट्रातून महाराष्ट्रातल्या खात्यात गेले, खोटा कागद येथे तयार झाला, थापा येथे मारल्या गेल्या, मग गुन्हा नेपाळात कसा घडला? पुढे मला सायबर विभागाकडे पाठवले गेले. तेथे सांगितले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिले आहेत, ओटीपी चोरलेला नाही, त्यामुळे हे आमच्याकडे येत नाही, ठाण्यातच जा. ठाण्यात साहेब निवडणुकीच्या बंदोबस्तातून आलेले असत किंवा कुठल्यातरी नव्या बंदोबस्ताला गेलेले असत. शेवटी अर्ज घेतला, पण पोच मागितल्यावर ‘विश्वास नाही का?’ असे विचारण्यात आले. साठी उलटलेल्या माणसाला बाकावर तासन्‌तास बसवून ठेवायचे आणि मग ‘पैसे देताना कळले नाही का?’ असे सर्वांसमोर विचारायचे, याला चौकशी म्हणत नाहीत. बँकेने खातेदार महिलेची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देता येत नाही म्हणून सांगितले, आणि पोलीस पत्र द्यायला तयार नाहीत, कारण गुन्हाच नोंदलेला नाही. फसवणाऱ्याला एकच फोन बंद करावा लागतो. फसवल्या गेलेल्याने मात्र प्रत्येक दारात आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायचा!

कायदा असा लुळा नाही, तो वापरला जात नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार नोंदवून घ्यावी लागते आणि ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. तो मी नोंदणीकृत टपालाने पाठवला आहे. आवक क्रमांकाशिवाय कोणताही अर्ज देऊन घरी येऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. आमची तक्रार तेथे दाखल झाली आहे. आयोजकाशी झालेले सर्व संदेश जपून ठेवा, कारण आमच्या बाबतीत ‘रस्ता बंद’ हा त्याचा संदेश आज सर्वांत मोठा पुरावा ठरतो आहे.

ज्यांनी याच प्रकारच्या सहलीसाठी व्यक्तीच्या बचत खात्यात हप्ते भरले आहेत, त्यांनी पुढचा हप्ता आजच थांबवावा, आयोजकाकडे जीएसटी क्रमांकाचे बिल लेखी मागावे आणि ते न मिळाल्यास आपापल्या जिल्ह्यात स्वतंत्र तक्रार करावी. एकाच माणसाविरुद्ध चार ठिकाणी अर्ज पडले, तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे म्हणून फाइल मिटणे कोणत्याही अंमलदाराला इतके सोपे जाणार नाही.