सल्लागार घडवायचा कुठे: पणजीच्या हॉलमध्ये की डिचोलीच्या कार्यालयात?

कंपन्यांना सल्ला देणारी माणसं सेवाभावी संस्थांसाठी तयार करायची तर दोन वाटा दिसतात: पणजीत दोन दिवसांचं शिबिर, नाहीतर एखाद्या संस्थेत तीन महिने, आठवड्याला एक दिवस बसणं.

शिबिरात कायदा नीट समजतो, आणि तो समजायलाच हवा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. हे ठाऊक नसलेला सल्लागार 'आधी चांगला मॅनेजर नेमा' म्हणून मोकळा होतो. पगार कुठल्या पैशातून, ते संस्थेने बघायचं!

डिचोलीतल्या एका संस्थेत मी असा बसलो. पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. खजिनदार निवृत्त शिक्षक. पावतीपुस्तकं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकाला रबरबँड. म्हटलं, काका, सगळं सॉफ्टवेअरवर टाकूया.

"टाका की. पण चवथीला घरी येऊन देणगी देणाऱ्याला पावती हातातच लागते."

तेव्हा डोक्यात शिरलं: दुकानात पैसे देणारा आणि माल नेणारा बहुधा एकच. इथे देणारा एक, लाभ घेणारा दुसरा, आणि सांभाळायचं दोघांनाही. हे शिबिरातही सांगतात म्हणे; मला आठवत नाही.

शिबिर स्वस्त, एकदम तीस जण बसतात. संस्थेत बसणं महाग, शिवाय काकांचा वेळ जातो तो कुणी हिशेबात धरत नाही. मी तरी शिबिर एका दिवसावर आणीन आणि वाचलेल्या पैशातून काकांना मानधन देईन.