आधी यादी की आधी बाजार? हंगामी स्वयंपाक सुरू करण्यापूर्वी

जवळपास पिकलेलं आणि हंगामातलंच घरी शिजवायचं असं मनावर घेतलं की लगेच दोन वाटा समोर येतात. एक, आठवड्याचे पदार्थ आधी ठरवायचे आणि यादीप्रमाणे भाजी आणायची. दुसरी, बाजारात जे चांगलं दिसेल ते आणायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. दोन्ही वाटांनी घर चालतं, पण जेवण वेगळं होतं आणि मेहनतही वेगळ्या ठिकाणी पडते.

यादीच्या बाजूने बोलायचं तर तिची शिस्त मोठी आहे. खरेदी झटपट उरकते, संध्याकाळी डोकं चालवावं लागत नाही आणि फारसं काही कुजत नाही. हा शेवटचा मुद्दा लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळजवळ ६० टक्के घराघरांतलं होतं. लहान मुलं असलेल्या, दोघंही नोकरी करणाऱ्या घराला यादी सोडा असं मी कधीच सांगणार नाही.

अडचण अशी की यादीला हंगाम कळत नाही. तिच्यात टोमॅटो लिहिला असेल तर टोमॅटो येतो, मग तो कसाही असो. लांबून येणारा टोमॅटो बऱ्याचदा हिरवा असतानाच तोडलेला असतो आणि इथिलीन वायूने पिकवलेला असतो. त्याला रंग चढतो, तो मऊही होतो, पण झाडावर राहिला असता तर मिळाली असती ती साखर आणि तो वास त्यात पुरता उतरत नाही. द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी यांचं तर आणखी अवघड, कारण ती तोडल्यावर गोड होतच नाहीत. आंबट निघाली की आंबटच राहणार.

आधी बाजार गाठणाऱ्याला हे सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी कळतं. फरसबीची शेंग वाकवली की कडकन मोडायला हवी. नुसती वाकत असेल तर ती शिळी. पालकाच्या जुडीत वरची पानं बघून भागत नाही, देठाची कापलेली टोकं बघावीत. ओलसर, हिरवी असतील तर भाजी ताजी आणि तपकिरी, वाळलेली असतील तर जुनी. ताजेपणाचं एवढं कौतुक करायला कारण आहे. मटार तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून आज सकाळी तोडलेला मटार आणि चार दिवसांपूर्वीचा मटार यांची चव एक नसते. पालक उबेत पडून राहिला तर त्यातलं क जीवनसत्त्व काही दिवसांतच बरंचसं उडून जातं. शिवाय ऐन हंगामात मालाची रेलचेल असते, भाव उतरलेले असतात.

या वाटेचा तोटा घरी आल्यावर कळतो. उत्साहात आणलेल्या तीन जुड्या, संध्याकाळचे साडेसात आणि त्यांचं काय करायचं ते सुचत नाही. सवय नसलेल्या माणसाचं हंगामी खाणं बहुतेक इथेच मोडतं आणि भाजी शेवटी कचऱ्यात जाते.

म्हणून मला विचाराल तर पद्धत आधी ठरवा आणि भाजी बाजारावर सोडा. एका दिवशी सूप, एका दिवशी मोठ्या आचेवर परतलेलं काहीतरी, एका दिवशी पातळ रस्सा, एका दिवशी भाजलेलं, एका दिवशी कच्चं. ही चौकट वर्षभर तीच राहते, भाज्या मात्र फिरत राहतात. त्यासाठी भाजीचं नाव बाजूला ठेवून ती आचेवर कशी वागते ते बघायला शिकावं लागतं. पालेभाजी क्षणात बसते आणि पाणी सोडते, म्हणून ती शेवटी घालायची. कंदमुळांना वेळ लागतो, ती आधी. भोपळा, रताळं, गाजर गोडीला एकमेकांच्या जवळचे, तेव्हा सुपात एकाच्या जागी दुसरं सहज चालतं. टोमॅटो नसेल तर लिंबू किंवा दही आंबटपणाचं काम करतं, पण रस्सा दाट करण्याचं काम वेगळ्याकडून करून घ्यावं लागतं. एवढं अंगवळणी पडलं की अनोळखी भाजीसुद्धा अडत नाही. केक किंवा जॅमसारखे मोजून मापून करायचे पदार्थ यात बसत नाहीत, त्यांना यादीच हवी.

आता स्थानिक आणि हंगामी यांचंच आपसांत जमलं नाही तर? माझा कौल हंगामाला. अमेरिकेतल्या अन्नाविषयी २००८ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास आहे आणि उत्पादक ते दुकान हा शेवटचा टप्पा तर ४ टक्के. बाकी बहुतेक भार पिकवण्यात. थंड प्रदेशात इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातला टोमॅटो शेजारच्या गावातला असला, तरी लांबच्या उघड्या शेतातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त महाग पडू शकतो, निसर्गाला. विमानाने येणारा नाजूक माल मात्र खुशाल टाळा, तिथे अंतर खरोखर भारी पडतं. स्थानिकाचा मोठा फायदा दुसराच आहे: पिकवणाऱ्याला विचारता येतं. कधी तोडलं, काय फवारलं, पुढच्या आठवड्यात काय येणार.

फ्रोझनला नाक मुरडू नका. मटार तोडल्यावर काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात आणि उणे १८ अंशांवर ठेवतात. हंगाम नसताना दमलेल्या ताज्या मटारापेक्षा तो नक्कीच बरा. याउलट सगळंच फ्रीजमध्ये कोंबणं चुकीचं. टोमॅटो साधारण १२ अंशांच्या खाली ठेवला की त्याचा सुगंध मरतो, आणि बटाट्यातल्या स्टार्चची थंडीत साखर होऊन तळताना तो पटकन काळपट पडतो. हंगामातला जास्तीचा माल गोठवा, वाळवा, मिठात किंवा आंबटात मुरवा. पण फरसबी, मका यांसारख्या कमी आंबट भाज्या नुसत्या उकळून हवाबंद बाटलीत भरू नका. सामू (म्हणजे pH, आंबटपणाचं माप; आकडा जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असेल तर बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू तिथे वाढू शकतात आणि त्यांचं विष जीवघेणं असतं.

काहींना बाजारात जायलाच जमत नाही. त्यांच्यासाठी तिसरा पर्याय म्हणजे शेतकऱ्याकडून दर आठवड्याला येणारी ठरलेली टोपली. जपानमध्ये १९७०च्या दशकात आणि अमेरिकेत १९८६पासून ही पद्धत रुजली. ग्राहक हंगामाचे पैसे आधी भरतो आणि पीक कमी-जास्त आलं तर ते सोसतो. इथे निवड तुमची नसते, त्यामुळे वर सांगितलेली पद्धतींची चौकट आधी हातात बसलेली हवी. पैसे भरण्यापूर्वी शेतकऱ्याला वर्षातल्या सगळ्यात रोड महिन्यात टोपलीत काय काय असतं ते विचारून घ्या. भरभराटीच्या दिवसांतली टोपली सगळ्यांनाच आवडते. तुम्हाला सलग सहा आठवडे कोबी आणि कंदमुळं चालणार असतील तर वर्षभराची घ्या, नाहीतर आधी एका हंगामाचीच घ्या.