पट्टी पाठवायची पण आकडा कुणी फिरवायला नको: एक्सेलचं कुलूप, पीडीएफ, गुगल शीट की डिजिटल सही?

केळीची कापणी जोरात असली की आमच्या गटात रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गोष्टी जातात. एक म्हणजे भाव, नवती, पिलबाग, कांदेबाग (हे केळीच्या मालाचे प्रकार) जो माल असेल त्याप्रमाणे, आणि दुसरी म्हणजे ज्याची गाडी भरली त्याची पट्टी, म्हणजे वजन, भाव आणि रकमेचा विक्रीचा हिशोब. चोपडा तालुक्यातला शेतकऱ्यांचा छोटा गट आहे, हिशोब मी लिहितो. गेल्या सीझनला एका पट्टीचा फोटो फिरत फिरत परत माझ्याकडेच आला आणि त्यात भाव ११५० च्या जागी १४५०. अप्पांना दाखवला, आमच्यातले सगळ्यात जुने बागायतदार, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाशी नेला आणि म्हणाले, "हाई मनी पट्टी नही शे." (ही माझी पट्टी नाही.) नाव तर त्यांचंच होतं! मग मी फोटो मोठा करून बघितला तर भावातला तो ४ खालच्या वजनाच्या रकान्यातून उचलून चिकटवलेला, कारण त्याच्यासोबत तिथली टेबलाची रेघ पण तुटक्या नखासारखी वर आली होती. कुणीतरी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे भाव वाढवून मागायला हे केलं असणार, कोणी ते कळलं नाही.

तेव्हापासून मी हे सगळे उपाय एकेक करून वापरून बघितलेत. आता अमळनेरकडचा एक मित्र त्याच्या कापूस-मक्याच्या गटासाठी विचारतोय की कोणता घेऊ, त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

आधी हे ठरवा की भीती कशाची आहे. आपल्याच माणसाचा हात चुकून लागेल याची, की कुणी मुद्दाम आकडा फिरवेल याची. दोन्हीला औषध वेगळं, आणि बहुतेक लोक (मी पण) पहिल्याचं औषध दुसऱ्याला देत बसतात.

एक्सेलचं 'प्रोटेक्ट शीट' घ्या. मी दोन वर्षं त्याच भरवशावर होतो, पासवर्ड टाकला म्हणजे झालं असं वाटायचं. मग एकदा पासवर्ड मीच विसरलो. भाच्याला म्हटलं बघ रे काही होतं का, त्याने फाईलची कॉपी केली, नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स काढून झिप केलं, आतली शीटची फाईल नोटपॅडमध्ये उघडली, प्रोटेक्शनची एक ओळ खोडली, परत होती तशी बांधली, आणि शीट मोकळी. माझा चहा अजून गार झाला नव्हता. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की शीट प्रोटेक्शन हे सिक्युरिटीसाठी नाहीच, ते फक्त चुकून होणारे बदल अडवायला आहे. त्या कामाला मात्र एक नंबर, म्हणजे फॉर्म्युल्याचे सेल लॉक ठेवायचे, वजन आणि भावाचे मोकळे सोडायचे, काट्यावर बसलेल्या पोराने काहीही दाबलं तरी बेरीज मोडत नाही. मी आजही वापरतो, पण फाईल घरातच राहते, बाहेर पाठवत नाही.

एक्सेलमध्येच दुसरा पासवर्ड असतो, फाईल उघडण्याचा. तो वेगळा प्रकार आहे, त्यात अख्खी फाईल एन्क्रिप्ट होते आणि वरची झिपची युक्ती तिथे चालत नाही. पासवर्ड विसरलात तर फाईल गेली असंच समजा. आणि ज्याला तुम्ही तो पासवर्ड दिला त्याने उघडून नवीन नावाने सेव्ह केली की तुमचं कुलूप तिथेच संपलं. म्हणजे हा उपाय परक्याने वाचू नये यासाठी, ज्याला पट्टी द्यायचीच आहे त्याच्यासाठी नाही. वर्डमधलं 'मार्क अ‍ॅज फायनल' तर सोडूनच द्या, तिथे 'एडिट एनीवे' असं बटण समोरच येतं, "कृपया फुले तोडू नये" अशी पाटी लावल्यासारखं.

पीडीएफवर लोकांचा फार विश्वास. "पीडीएफ केली ना, आता काही होत नाही" हे मी शिकल्या-सवरलेल्या माणसांकडून ऐकलंय. त्यातही पासवर्ड दोन प्रकारचे असतात, एक उघडण्याचा आणि एक एडिट-प्रिंट अडवण्याचा. दुसरा म्हणजे नुसती विनंती, फाईल ज्या अ‍ॅपमध्ये उघडली त्याने ती पाळली तर पाळली, न पाळणारी अ‍ॅपं आणि वेबसाईटी ढिगाने आहेत. उघडण्याचा पासवर्ड मजबूत, पण तिथे परत एक्सेलसारखंच, पासवर्ड माहीत असलेल्याचा हात तो धरत नाही. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो ना, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष, तो परक्याने उघडू नये म्हणून आहे. आत काही बदललंय का ते कळावं म्हणून त्याच पीडीएफमध्ये वेगळी डिजिटल सही असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि मुळात आमचा घोटाळा पीडीएफचा नव्हताच, स्क्रीनशॉटचा होता. फोटोला कुठला पासवर्ड लावणार?

गुगल शीटवर मी गेलो ते याच कारणाने. आपण फाईल पाठवतच नाही, लिंक पाठवतो, 'व्ह्यूअर' करून. खरा आकडा एकाच जागी असतो, तुम्हाला मिळालेल्या फोटोवर डाऊट आला तर लिंक उघडा आणि जुळवा. लिंकवाल्या कुणालाही बघता येईल असं ठेवलं तर जीमेल अकाउंट पण लागत नाही, हे महत्त्वाचं, कारण आमच्या अर्ध्या लोकांना स्वतःच्या फोनमधला जीमेल कोणाच्या नावाने आहे ते माहीत नाही, दुकानदाराने बनवून दिलेला असतो. (अशा मोकळ्या लिंकमध्ये बँक खातं, आधार नंबर टाकू नका, लिंक कुठेही जाते.) डाऊनलोड-प्रिंट-कॉपीचा पर्याय सेटिंगमधून बंद करता येतो, स्क्रीनशॉट तरीही निघतोच, पण आता स्क्रीनशॉटला पुरावा म्हणून किंमत नाही हे गटात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

इथे माझी एक चूक सांगतो. घाईत एकदा लिंक 'एडिटर' करून गेली, आणि एका हुशार माणसाने सगळ्यात जास्त माल कोणाचा ते बघायला फक्त वजनाचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला. नावं जागेवर, वजनं सगळी इकडची तिकडे. रात्री साडेदहाला फोन सुरू, प्रत्येकाचं वजन वेगळं, एकाचं तर दुप्पट (त्याचा फोन आला नाही हे पण नोंदवतो). व्हर्जन हिस्टरीत जाऊन संध्याकाळची कॉपी परत आणली, दोन मिनिटांचं काम. कोणी कधी काय बदललं ते तिथे नावानिशी दिसतं, पण नाव दिसायला तो माणूस लॉगिन करून आलेला पाहिजे, मोकळ्या लिंकवरून आलेला नुसता अनामिक दिसतो. म्हणून एडिटचा हक्क द्यायचाच असेल तर ईमेल टाकून दोघा-तिघांनाच द्या, आणि एडिटरला पुढे शेअर करू देणारी टिक काढून टाका. शिवाय ज्या अकाउंटवर शीट आहे त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लावा, नाहीतर चावीच दाराला लटकलेली.

गुगलचा तोटा एकच, शेतात रेंज नसली की लिंक फिरत बसते.

आता डिजिटल सही. ही मला सगळ्यात आवडते आणि आम्ही सगळ्यात कमी वापरतो. हिने बदल थांबत नाही, बदल झाला तर लपत नाही. सही केल्यावर पीडीएफमध्ये एक अंक जरी फिरवला तरी सही तपासताना अ‍ॅक्रोबॅट सांगतं की नंतर छेडछाड झालीये. तुम्ही बघितलेलं उदाहरण म्हणजे डिजिटल सातबारा. पंधरा रुपयात उतारा निघतो, तलाठ्याच्या शाईच्या सही-शिक्क्याची गरज नाही, आणि खाली पडताळणीचा नंबर असतो तो सरकारी साईटवर टाकला की मूळ उतारा समोर. म्हणजे सही पण आणि खरी जागा पण, दोन्ही.

आपल्याला असं करायचं तर डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) घ्यावं लागतं, आयटी कायदा २००० खाली परवाना असलेल्या कंपनीकडून. आता क्लास ३ घ्यायचं, क्लास २ देणं २०२१ पासून बंद झालं. यूएसबी टोकनमध्ये येतं आणि एक ते तीन वर्षं चालतं, मग परत पैसे. फुकटात स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट पण लावता येतं, पण ते कोणीही कोणाच्याही नावाने बनवू शकतं, त्यामुळे अनोळखी माणसापुढे त्याचा उपयोग शून्य. अडचण वेगळीच आहे. फोनमधली बहुतेक पीडीएफ अ‍ॅपं सही तपासतच नाहीत, आणि कॉम्प्युटरवर पण पहिल्यांदा प्रश्नचिन्ह दिसतं कारण आपल्याकडच्या सर्टिफिकेटवर अ‍ॅक्रोबॅटचा अजून भरवसा नसतो, तो आपण सेटिंगमध्ये जाऊन द्यायचा. तेव्हा डोळे मिटून 'ट्रस्ट' दाबू नका, सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं आहे ते वाचा. हे सगळं केळीच्या बांधावर उभ्या माणसाला सांगत बसायचं म्हणजे कठीण. पण बँक, एक्स्पोर्टर, कराराचे कागद असतील तर दुसरा विचारच करू नका, डीएससी घ्या.

मधला एक स्वस्त मार्ग म्हणजे हॅश, फाईलवरून निघणारा तिचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासूनच असते, फाईल दिली आणि सोबत एसएचए-२५६ हवा असं लिहिलं की ६४ अक्षरांचा आकडा देते. फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी तो पूर्ण बदलतो. पट्टीची पीडीएफ केली, हॅश काढला, त्याच मेसेजमध्ये सगळ्यांसमोर टाकला, मग नंतर कोणी वेगळी पीडीएफ आणली तर जुळवून दाखवायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं कलम ६३ चं जे प्रमाणपत्र असतं त्यात पण हॅश लिहायची जागा आहे, म्हणजे प्रकरण कोर्टात गेलं तर सवय कामाला येते. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि हॅश जुळत नाही.

तर मित्राला मी सांगितलं ते असं: भाव आणि रोजच्या पट्ट्या गुगल शीटवर, बघण्यापुरत्या, आतला हिशोब एक्सेलमध्ये लॉक लावून, आणि गटाच्या बाहेर सहीनिशी जाणाऱ्या कागदाला डीएससी. पीडीएफच्या एडिट पासवर्डवर वेळ घालवू नको.

आमच्याकडे हेच चालू आहे. अप्पा मात्र लिंक उघडत नाहीत. रात्री नऊला फोन करतात, मी शीट बघून आकडा वाचतो, ते दोनदा विचारतात आणि मग वहीत निळ्या पेनाने लिहून घेतात.