एसी बंदच होत नव्हता, शेवटी दांडिया बाजारातल्या छोट्या दुकानानं पकडलं (वडोदरा)

आम्ही कारेलीबागेत राहतो, तिसरा मजला, डोक्यावर डायरेक्ट गच्ची. सासूबाईंच्या खोलीत दीड टनचा स्प्लिट आहे, साधा, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) नाही, सहा वर्षं झाली. एप्रिलच्या शेवटी लक्षात आलं की बाहेरचं युनिट रात्रभर थांबतच नाहीये. रिमोटवर 26 असायचं तरी पहाटे तीनला खोली नुसती गार पडलेली, सासूबाईंचे गुडघे आखडायचे, त्या उठून बंद करायच्या, मग अर्ध्या तासात घामानं परत जाग, आणि खालच्या बेन दोनदा येऊन सांगून गेल्या की तुमच्या आउटडोअरची घरघर आमच्या बेडरूममध्ये येते. आधी असं नव्हतं हो, खोली गार झाली की कॉम्प्रेसर टक् करून थांबायचा, थोड्या वेळानं परत लागायचा.

आधी पैसे कुठे गेले ते सांगते. ऑनलाइन बुक केलेला पहिला माणूस दहा मिनिटांत म्हणाला गॅस कमी आहे, गॅस भरला आणि 2800 घेऊन गेला. मीटर लावलं नाही, गेज लावून मला काही दाखवलंही नाही. गॅस कमी असला की खोली गार होत नाही म्हणून एसी चालत राहतो, आमची खोली तर गोठत होती, मग गॅस कमी कसा असेल? हे मला तेव्हा सुचलं नाही याचा अजून राग येतो. आणि गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद पाइपातच फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे आणि आधी लीक शोधायला पाहिजे. तीन दिवसांनी दुसरा आला, तो म्हणाला पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेलं, 6500 होतील. तिथे आम्ही थांबलो.

दांडिया बाजारातल्या दुकानाचा नंबर शेजारच्या काकांनी दिला. नाव टाकत नाही, दोनच माणसं आहेत आणि त्यांनीच सांगितलं की सीझनमध्ये जास्त फोन झेपत नाहीत. पण काम कसं केलं ते लिहायलाच पाहिजे.

फोनवरच विचारलं, बेन, रिमोटनं बंद केलं की बाहेरचं युनिट बंद होतं का? होतं म्हटलं. मग म्हणाले रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटलेला नाही, तो चिकटला की रिमोटनं बंद करा नाहीतर काही करा, कॉम्प्रेसर चालूच राहतो, तसं असतं तर एमसीबी (एसीचा मेन स्विच) पाडून ठेवायला सांगितलं असतं. मग म्हणाले टर्बो बंद आहे ना ते बघा आणि 30 वर लावून वीस मिनिटं थांबा. लावलं. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं, ते 27 होतं, तरी आउटडोअर सुरूच! 30 ला थांबला असता तर मशीनला बंद व्हायचं कळतंय पण खोली तेवढी गार होत नाहीये, मग जाळी, कॉइल, गॅस, तापलेली गच्ची हे बघायचं. 27 च्या खोलीत 30 वर लावूनही थांबत नाही म्हणजे त्याला खोली गार झालीय हेच समजत नाहीये. इतकं साधं, कुणीही घरी करून बघू शकतं, आणि आधीच्या दोघांनी हे विचारलंसुद्धा नाही.

आले मात्र सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा, तेही फोन न करता, आणि त्या रात्री सासूबाई परत झोपल्या नाहीत. हे मला अजिबात आवडलं नाही.

इनडोअर उघडून दोन सेन्सर दाखवले, एक तांब्याच्या टोपीचा, कॉइलमध्ये खोचलेला, आणि दुसरा छोट्या मण्यासारखा, जाळीच्या मागे, खोलीतून आत येणाऱ्या हवेचं तापमान बघणारा. मण्यावाला काढून मल्टिमीटरनं त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा रोध) मोजला. आमच्या मॉडेलचा 10 किलो-ओहमचा आहे, म्हणजे 25 डिग्रीला 10 दाखवायला पाहिजे आणि गरम होईल तसा आकडा खाली येतो. खोली 26 होती, म्हणजे साडेनऊच्या आसपास यायला हवं होतं, आला 6. म्हणजे एसीला वाटत होतं की खोलीत 37 डिग्री आहे! मग बिचारा थांबणार कसा. नवीन सेन्सर लावायच्या आधी माझ्या मुठीत धरायला दिला, मीटरवरचा आकडा सरसर खाली आला, सोडल्यावर परत वर. तेव्हा मला खरं समजलं. सेन्सर 5, 10, 15 असे वेगवेगळे येतात, चुकीचा लावला की परत तोच गोंधळ, म्हणून जुना सोबत ठेवून मॅच करूनच घ्या.

मग वायरभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरनं अँपिअर (एसी किती करंट खेचतो ते) बघितले, युनिटच्या नेमप्लेटवर लिहिल्यापेक्षा जास्त. पहिल्यानं गॅस उगाच जास्त भरला होता, तो कमी करावा लागला. बाहेरची कॉइल धुळीनं आणि कबुतरांच्या पिसांनी भरलेली, ती पण धुऊन दिली.

व्हिजिट 300, सेन्सर 350, धुवायचे 500, एकूण 1150. सेन्सरला तीन महिन्यांची गॅरंटी, पण बिल मागितल्यावरच हातानं लिहून दिलं, तर मागून घ्या. आता 26 वर लावला की कॉम्प्रेसर थांबतो. आतला पंखा चालू राहतो, तो राहणारच. लाईटच्या मीटरवर बघितलं, आधी रात्रीचे 14 युनिट जात होते, आता 8-9.

गोत्रीच्या नणंदेचा इन्व्हर्टर आहे, तिची पण तीच तक्रार होती की बंदच होत नाही. तिलाही त्यांनी फोनवरच सांगितलं की इन्व्हर्टर बरेचदा पूर्ण थांबत नाही, स्लो होऊन चालतो, खोली सेट केलेल्या तापमानाला टिकत असेल आणि अँपिअर खाली येत असतील तर काही करू नका. व्हिजिटचे 300 सहज लावता आले असते, लावले नाहीत. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या उशिराचा कापला.